फुकट वेबसिरीज आणि तुमचा धंदा: एपिसोडचं बिल नेमकं कोण भरतं?



उद्योजकाने शार्क टँक इंडियाचे एपिसोड कसे बघावेत, पिच ऐकताना वहीत काय टिपून घ्यावं, यावर आपण व्हिडिओ केला. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय. "सर, शार्क टँक बघा म्हणता, स्कॅम १९९२ बघा म्हणता, एवढी सबस्क्रिप्शनं घ्यायची कुठून? टेलिग्रामवर मिळतंय की सगळं. नाहीतर टोरंट आहेच. काय बिघडतं?"

प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याने नुकतंच मशीन घेतलंय, हप्ता सुरू आहे आणि पहिली मोठी ऑर्डर अजून यायची आहे, त्याला दर महिन्याचे दोन-तीनशे रुपयेही टोचतात. मी इथे प्रवचन द्यायला बसलेलो नाही. चोरी करू नये हे आपल्याला घरी शिकवलेलं आहे. मी धंद्याचा माणूस आहे, तर धंद्याच्या बाजूनेच बोलतो.

कुठलाही बिझनेस समोर आला की मी तुम्हाला पहिला प्रश्न कोणता विचारायला सांगतो? "याला पैसे कुठून मिळतात?" तोच प्रश्न या फुकट वाल्यांना लावून बघा.

एपिसोड रात्री बारा वाजता रिलीज होतो आणि सकाळी चहाच्या वेळेला तुमच्या फोनवर असतो. मधल्या वेळात कोणीतरी तो कॉपी केला, तीन-चार साइझमध्ये बनवला, सर्व्हरवर चढवला, साइट ब्लॉक झाली तर नव्या नावाने साइट उभी केली. यात माणसं लागतात, सर्व्हरचं भाडं लागतं, डोमेन विकत घ्यावे लागतात. एवढा खर्च करून माल फुकट वाटणारा माणूस दानशूर आहे असं समजायचं का?

त्याचे पैसे दोन वाटांनी येतात. पहिली वाट जाहिरातींची. सट्ट्याचे अॅप, अश्लील साइट, "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले" अशी खोटी पाटी. चांगली कंपनी अशा जागी जाहिरात देत नाही, म्हणून तिथे उरतात ते असलेच लोक. दुसरी वाट जास्त त्रासाची. एखादा प्रोग्रॅम जितक्या कॉम्प्युटरवर बसवून देशील, तितके पैसे, असा सरळ दर ठरवणारे लोक बाजारात आहेत. आपण एजंटला कमिशन देतो तसंच. म्हणजे त्या दुकानात तुम्ही गिऱ्हाईक म्हणून शिरता, पण काउंटरवर माल म्हणून तुमचाच कॉम्प्युटर ठेवलेला असतो.

कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये याचा हिशोब मांडला होता. पायरेटेड टीव्ही मालिकांच्या नावाखाली २०१८ साली जे मालवेअर पसरवलं गेलं, त्यात एकट्या 'गेम ऑफ थ्रोन्स'चा वाटा १७ टक्के होता. त्यांच्या पाहणीत जवळपास २१ हजार युजर त्यात सापडले. आणि गंमत बघा, २०१८ मध्ये त्या मालिकेचा एकही नवा एपिसोड आलेला नव्हता! अजून एक गोष्ट त्यात निघाली. प्रत्येक सीझनचा पहिला आणि शेवटचा भाग हल्लेखोरांना सगळ्यात जास्त आवडतो. का, ते तुम्ही मला सांगा. मार्केटिंगच्या सेशनमध्ये आपण काय शिकलो? गिऱ्हाईक जिथे अधीर असतं तिथे ते घासाघीस करत नाही. "शेवटी काय होतं" हे कळायला हवं असतं, तेव्हा माणूस आलेल्या प्रत्येक खिडकीवर ओके, ओके, ओके दाबत जातो.

फाइलमध्ये नेमकं काय येतं?

इथे एक गोष्ट सरळ मान्य करू. साधी व्हिडिओ फाइल असेल आणि तुमचा प्लेअर अपडेटेड असेल, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. दहा वेळा काही होत नाही म्हणूनच अकराव्या वेळी माणूस बेफिकीर राहतो.

अकराव्या वेळी जे येतं ते व्हिडिओ नसतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवलेलं असतं. त्यामुळे "एपिसोड ८ डॉट एमपीफोर डॉट ईएक्सई" अशी फाइल असली तरी तुम्हाला शेवटचं ईएक्सई दिसतच नाही. आयकॉन व्हिडिओचा लावलेला असतो. तुम्ही डबल क्लिक करता आणि प्रोग्रॅम सुरू होतो. कधी शॉर्टकट फाइल असते. कधी झिप असते आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याच साइटवरून आणायला सांगतात. कधी व्हिडिओ उघडतो आणि त्यातच लिहिलेलं असतं की हा भाग बघायला आमचा प्लेअर टाका. हा सगळा खटाटोप तुम्ही स्वतःच्या हाताने दार उघडावं म्हणून असतो.

सबटायटलसुद्धा सुटलेलं नाही. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रेमिओ या प्लेअरमध्ये खराब सबटायटल फाइल टाकून कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो. त्या कंपन्यांनी नंतर ती भोकं बुजवली. पण आपल्याकडे किती दुकानांत प्लेअर अपडेट होतो? पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाल्याने टाकून दिलेला व्हीएलसी आजही तसाच चालू असतो.

फोनवर धोका वेगळ्या रूपात येतो. "सगळे ओटीटी एका अॅपमध्ये, फुकट" अशी एपीके फाइल कोणीतरी ग्रुपवर टाकतं. ती प्ले स्टोअरवर नसते, म्हणून "अननोन सोर्स"ची परवानगी चालू करावी लागते. मग अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. अहो, सिरीज दाखवायला एसएमएस कशाला वाचायचे? त्याही पुढे अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. ही परवानगी दिली की ते अॅप तुमच्या स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. त्याच फोनवर तुमचं बँकेचं अॅप आहे, यूपीआय आहे, बिझनेस व्हॉट्सअॅप आहे.

नोकरदार माणूस आणि आपल्यासारखा छोटा उद्योजक यात फरक पडतो तो इथे. नोकरदाराचा ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, त्याच्यावर आयटी डिपार्टमेंटचं कुलूप, घरचा फोन वेगळा. आपलं काय असतं? एकच लॅपटॉप. सकाळी त्याच्यावर जीएसटीचं रिटर्न, दुपारी टॅली, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री सिरीज. ब्राउझरमध्ये सगळे पासवर्ड सेव्ह केलेले, व्हॉट्सअॅप वेब उघडंच, इन्स्टाचं पेज लॉगिन केलेलं. यातलं पासवर्ड चोरणारं मालवेअर आलं तर ते सेव्ह केलेले पासवर्ड तर उचलतंच, वर चालू लॉगिनच्या कुकीजही उचलतं. त्या हातात आल्या की पुष्कळदा ओटीपीचाही प्रश्न येत नाही, कारण त्या साइटला वाटतं की तुम्हीच आत बसलेले आहात.

आमच्या एका बॅचमधल्या ताई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. नाव-गाव सांगत नाही. घरात एक लॅपटॉप. भाच्याने रात्री एका सिरीजचा शेवटचा भाग उतरवला. साइट म्हणाली, तुमच्याकडे कोडेक नाही, हे डाउनलोड करा. त्याने केलं. सकाळी ताईंनी लॅपटॉप उघडला तर एकही फाइल उघडेना, सगळ्यांच्या नावापुढे काहीतरी विचित्र अक्षरं लागलेली. डेस्कटॉपवर चिठ्ठी: फाइल परत हव्या असतील तर पैसे पाठवा. बॅकअप होता की! पेन ड्राइव्हवर होता. पण पेन ड्राइव्ह लॅपटॉपलाच लावून ठेवलेला, त्यामुळे तोही गेला.

गिऱ्हाइकांची यादी त्यांनी व्हॉट्सअॅपच्या चॅटमधून चार रात्री बसून पुन्हा लिहून काढली. लेबलची डिझाइन छपाईवाल्याच्या मेलमध्ये सापडली. जे परत मिळालं नाही ते म्हणजे कॉस्टिंग शीट. एक किलो चकलीला भाजणी किती, तेल किती, गॅस किती, पॅकिंग किती, बाईंची मजुरी किती, हे तीन दिवाळ्यांचं गणित त्यात होतं. त्या वर्षी त्यांनी भाव अंदाजाने लावले. चिवड्यात नुकसान झालं हे त्यांना दिवाळी संपल्यावर कळलं. लॅपटॉपची किंमत आपण धरतो, कॉस्टिंग शीटची कोणी धरत नाही.

खंडणी मागणाऱ्या या प्रोग्रॅमना रॅन्समवेअर म्हणतात. त्यातला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचा प्रकार मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून पसरला. त्याची चिठ्ठी वाचली तर तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. बराच काळ त्याचा भाव ९८० डॉलर होता आणि ७२ तासांत संपर्क केला तर ५० टक्के सूट, म्हणजे ४९० डॉलर. लिमिटेड पीरियड ऑफर! पैसे दिल्यावर फाइल उघडतीलच याची हमी मात्र कोणी देत नाही.

"पण सर, नुसतं बघणं गुन्हा आहे का?"

याचं उत्तर बहुतेक लोक चुकीचं देतात, दोन्ही बाजूंनी. २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात हाच मुद्दा आला होता. ब्लॉक केलेल्या साइटवर "बघणं हासुद्धा गुन्हा आहे" अशा अर्थाची पाटी दिसायची. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की बेकायदा प्रत नुसती बघणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीशिवाय ती वाटणं, लोकांना दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे.

हे वाचून लगेच खूश होऊ नका. टोरंट चालतं कसं ते समजून घ्या. बिटटोरंटची पद्धत २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी तयार केली. तंत्र म्हणून ते उत्तम आहे आणि कायदेशीर कामालाही वापरतात. फाइलचे छोटे छोटे तुकडे होतात. तुम्ही एका माणसाकडून एक तुकडा घेता आणि त्याच वेळी तुमच्याकडचा तुकडा तिसऱ्याला देता. म्हणजे डाउनलोड करता करता तुमचं वाटपही चालू असतं. "मी फक्त बघत होतो" हे वाक्य तिथेच कमजोर पडतं. शिवाय त्या वेळी जोडलेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो, आणि ब्रॉडबँडचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? तुमच्या फर्मच्या. दुकानात वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवला असेल तर गिऱ्हाइकाने किंवा पोऱ्याने काय उतरवलं याची पहिली विचारणा तुमच्याकडेच येणार.

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ सांगतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. याच कलमात एक सवलत आहे. व्यापार-धंद्यात कमाईसाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. ही ओळ दोनदा वाचा. घरच्या माणसाला मिळू शकणारी सवलत धंदेवाल्याला मिळेल असं धरून चालता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

म्हणून मोबाइल शॉपी काढणाऱ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. तालुक्याच्या गावात "मेमरी कार्ड भरून मिळेल" ही पाटी अजून दिसते. तीस-चाळीस रुपयांत सिनेमे, सिरीज, गाणी. दिवसाला चार कार्डं भरली तर चहापाणी सुटतं, पण त्या बदल्यात तुम्ही काय पणाला लावलंय? कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो. ज्या कॉम्प्युटरवर रिचार्ज, बिल भरणा, फॉर्म भरणं हे सगळं चालतं, तोच गेला तर दुकान बंद. तसंच कॅफेवाल्यांचं. हॉलमध्ये टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून सिरीज चालवणं हे "लोकांना दाखवणं" झालं. घरासाठी घेतलेलं ओटीटी सबस्क्रिप्शनसुद्धा साधारणपणे व्यावसायिक जागेत दाखवायला नसतं, अटी वाचून घ्या. नेमकी अडचण आली असेल तर वकिलाला भेटा, माझ्या व्हिडिओवर कोर्टात उभे राहू नका.

टेलिग्रामवर कोणाला काही कळत नाही, हाही एक समज. दिल्लीत इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे व्हिडिओ आणि नोट्स टेलिग्राम चॅनेलवर वाटले जात होते. त्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला आणि टेलिग्रामने अॅडमिनची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते सादर केले. ग्रुपवर हौसेने अॅडमिन होणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि त्या शिक्षिकेच्या जागी स्वतःला उभं करून बघा. तुमच्यातले किती जण ऑनलाइन बेकिंगचा, मेंदीचा, टॅलीचा कोर्स काढायच्या तयारीत आहात! चार महिने खपून केलेला दोन हजारांचा कोर्स आठव्या दिवशी कोणीतरी नव्याण्णव रुपयांना विकताना दिसला, तर?

व्हिडिओ एडिटिंग, सबटायटल, डबिंगची कामं घेणाऱ्यांसाठी एक आठवण. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला. तो भारतातून फुटला होता. हॉटस्टारसाठी काम सांभाळणाऱ्या मुंबईतल्या कंपनीशी संबंधित चार आजी-माजी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र पोलिसांनी अटक केली. क्लायंटची फाइल मित्राला "फक्त बघायला" देणं एवढं महाग पडू शकतं.

स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्सही याच रांगेतला. "एकदाच पैसे भरा, आयुष्यभर सगळे चॅनेल." जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाचा इशारा दिला. असे अनेक बॉक्स कारखान्यातूनच मालवेअर घेऊन येतात किंवा सेटअप करताना ते उतरवतात, आणि तुमचं इंटरनेट कनेक्शन गुन्हेगारांना वापरायला देतात. तो बॉक्स आणि तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर एकाच राउटरवर असतात.

मग बघायचं कसं?

एकावेळी एक सबस्क्रिप्शन. एक महिना घ्या, जे ठरवलंय ते बघा, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं. ऑटो-रिन्यूअल घेतल्या घेतल्याच बंद करा. मोबाइलचा रिचार्ज आणि ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये कोणतं ओटीटी येतं हे आधी तपासा. कित्येकांना माहीतच नसतं की आपण त्याचे पैसे आधीच भरतोय. जाहिरातींसकट चालणारं एमएक्स प्लेअर फुकट आहे. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं, तिथे दूरदर्शनचा जुना खजिना आहे. शार्क टँकच्या पिच तर अधिकृत यूट्यूब चॅनेलवरही तुकड्या-तुकड्यांत मिळतात, आणि आपल्या अभ्यासाला तेवढं पुष्कळ आहे. दोन भाग नीट बघून वहीत चार आकडे लिहिणारा उद्योजक मला जास्त आवडतो.

धंद्याचा लॅपटॉप मनोरंजनाला द्यायचाच असेल तर किमान वेगळं युजर अकाउंट करा, आणि त्याला अॅडमिनचे अधिकार देऊ नका. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसायची सेटिंग चालू करा, दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका. आठवड्यातून एकदा टॅली आणि एक्सेलचा बॅकअप घ्या आणि तो पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. कपाटात, लॅपटॉपला नाही.

आणि ज्यांनी आधीच काहीतरी टाकलेलं आहे त्यांच्यासाठी. आधी त्या फोनचं किंवा लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा. ईमेल, बँक, जीएसटी, इन्स्टा यांचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. त्याच मशीनवरून बदलाल तर नवा पासवर्डही चोराच्याच हातात जाईल. "सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट" आणि व्हॉट्सअॅपचं "लिंक्ड डिव्हाइसेस" बघा. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वर सफाईची साधनं फुकट मिळतात, ही मात्र खरोखर फुकट आहेत. फोनमध्ये तसलं एपीके असेल तर फोटो आणि नंबर काढून घेऊन सरळ फॅक्टरी रीसेट मारा.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकाच्याच माथी ठेवलेलं आहे. कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेची जबाबदारी. म्हणून तक्रारीवर तारखेबरोबर वेळही लिहा, आणि पोचपावतीचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.